बाईंची जीप विकणे आहे

बाईंच्या साडीला कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे लावलेले असायचे. निऱ्या वर खोचून, त्यांना डाव्या-उजव्या बाजूला एकेक चिमटा. निऱ्या क्लचच्या खाली अडकू नयेत म्हणून. शाळेत पोचल्यावर ते काढायचं त्या बहुतेक दिवशी विसरायच्या आणि आठवी ब च्या वर्गात फळ्यावर नकाशा काढताना त्यांच्या पायाशी ते चिमटे टकटक वाजत असायचे. मुलं हसायची नाहीत. पहिल्या आठवड्यात हसली असतील, पण बाई थांबून म्हणाल्या असणार, "हसून घ्या पोटभर. मग आपण गोदावरीकडे जाऊ." त्यानंतर हसण्यात काही मजा उरत नाही.

मी त्या शाळेत लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. मुलुंडची मराठी शाळा, डोंगराच्या बाजूची. बाई भूगोल शिकवायच्या आणि त्यांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. शाळेत सगळ्याच बाई, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. एरवी हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत कुणाला संदर्भ द्यायचा असला तर 'जीपवाल्या बाई'. साठीला टेकलेली, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई हिरव्यागार जीपमधून शाळेच्या फाटकातून आत येते आणि पहिल्या झटक्यात, पुढेमागे न करता, पिंपळाखाली गाडी लावते, हे दृश्य त्या काळात मुलुंडमध्ये दुसरीकडे कुठे बघायला मिळालं नसतं.

कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "बाई, गाडीला नाव काय ठेवलंय?"

"नाव कशाला? हाक मारल्यावर येते का ती?"

बाईंचं सगळं असं होतं. गाडीवर त्यांचं प्रेम होतं की नाही ते मला आजही सांगता यायचं नाही. दर रविवारी सकाळी नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवून त्या गाडीखाली आडव्या व्हायच्या, ग्रीस भरायच्या, ऑइल बघायच्या, चाकांच्या आतला चिखल खराट्याच्या काडीने उकरून काढायच्या. पण गाडीला हार घालणं, दसऱ्याला लिंबू चिरडणं असलं काही नाही. दसऱ्याला बाई टायरमधली हवा तपासायच्या.

माझं पहिलं वर्ष वाईट चाललं होतं. वर्ग माझ्या हाती लागत नव्हता. मी ओरडायचे, मुलं जास्त ओरडायची, आणि मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये डबा उघडून नुसती बसून राहायचे. एका शनिवारी बाईंनी माझा दंड धरला. "चल. माझा वर्ग बघ."

वर्ग जीपमध्ये होता. मागच्या दोन लांब बाकांवर दहा मुलं कोंबलेली. आम्ही पवईच्या बाजूच्या एका चढावर गेलो. बाईंनी मुलांना खाली उतरवलं, पाण्याचा डबा काढला आणि काही न बोलता सगळं पाणी उतारावर ओतून दिलं.

"पळा त्याच्यामागे. कुठे वळतं, कुठे थांबतं, कुठे मुरतं, येऊन मला सांगा."

दहा मुलं उताराने पाण्यामागे धावली. परत आली तेव्हा प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतं आणि प्रत्येकजण आपली पाळी येईपर्यंत गप्प उभा होता. बाई गाडीच्या बंपरवर बसून ऐकत होत्या. मधूनच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू फार बोलतेस गं वर्गात. त्यांना कधी बोलू देणार?"

मला राग आला होता. पण सोमवारी मी वर्गात जाऊन प्रश्न विचारला आणि गप्प राहिले. माझी नोकरी तिथून सुरू झाली असं मी मानते.

जीप त्यांच्या यजमानांची. ते धरणांच्या सर्वेक्षणाच्या कामावर होते. लष्कराच्या लिलावातून गाडी घेतली, वर पत्र्याचं छप्पर चढवलं, मागे बाक बसवले, म्हणजे घरातली सहाही माणसं एकदम बसतील. बेचाळिसाव्या वर्षी ते अचानक गेले. बाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या. तीन मुलं, सासरे, आणि शेडमध्ये जीप. सगळ्यांनी सांगितलं, विकून टाका. बाई जकात नाक्यावरच्या एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरकडे गेल्या आणि गाडी शिकल्या. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं प्रत्येक मे महिन्यात सगळं घर जीपमध्ये घालून कधी भंडारदरा, कधी दाजीपूर, कधी नुसतंच रस्ता संपेल तिथपर्यंत.

आणि मग निवृत्तीच्या वर्षी, जानेवारीत, त्या स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं आहे. एक पाटी लिहून दे."

"कसली?"

"जीप विकायची आहे."

स्टाफरूम गार झाली. बाईंनी डावा गुडघा हाताने उचलून खुर्चीखाली ठेवला. त्या जुन्या जीपचा क्लच म्हणजे दगड, आणि खालच्या गिअरला जाताना तो दोनदा दाबायचा असतो. एकदा दाबून गिअर मोकळा करायचा, सोडायचा, थोडी रेस द्यायची, पुन्हा दाबून गिअर टाकायचा. बाईंचा गुडघा दुसऱ्यांदा दाबायला तयार नव्हता.

"पण बाई, सरांची आठवण—"

"माझ्या मुलांनी पण हेच पत्र लिहिलंय. एक बडोद्याला, एक नाशिकला, एक कुठे असतो त्यालाच माहीत. आठवण ठेवा म्हणतात. ग्रीस कोण भरणार ते कुणी लिहीत नाही. उभी राहिली की वर्षभरात तिचं भंगार होईल. चालतेय तोवर चालवणाऱ्याकडे जाऊ दे. लिही."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'कुटुंबासाठी जीप विकणे आहे. चारही चाकांना जोर. ब्रेक उत्तम. दुसरा गिअर कुरकुरतो. पावसात डाव्या दाराने पाणी आत येते. थंडीत सकाळी दोनदा चावी मारावी लागते.'

"बाई, दोष कुणी पाटीवर लिहितं का?"

"मग काय, माणूस लांबून येणार, बघणार आणि मग मी सांगणार? त्याची खेप फुकट का घालवायची?"

पाटी जीपच्या काचेवर लागली. माणसं आली. एक दलाल आला, त्याने पाटी वाचली आणि स्वतःच म्हणाला, "मॅडम, ये निकालो पहले. मी विकून देतो, झकास." बाईंनी त्याला पाणी दिलं आणि फाटकापर्यंत पोचवलं. एक तरुण आला, त्याला छप्पर कापून गाडी उघडी करायची होती आणि समुद्रावर फिरायचं होतं. एक बिल्डर आला, तो गाडीतून उतरलाच नाही, ड्रायव्हरला पाठवलं. बाई प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारायच्या. घरात माणसं किती आणि गाडी जाणार कुठे. बिल्डरच्या ड्रायव्हरला दोन्हीची उत्तरं ठाऊक नव्हती.

एका रविवारी अख्खं कुटुंब स्टेशनपासून चालत आलं. पुढे पस्तिशीचा सडपातळ माणूस, मागे त्याची बायको, दोन मुली आणि काठी टेकत म्हातारी आई. माणसाचं नाव गंगाराम. परळच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे साच्यांवरचा मुकादम होता. गिरणी बंद पडून तीन वर्षं होत आली होती, भांडुपला चाळीत राहत होते आणि आता खोली विकून कणकवलीच्या पलीकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या वाडीत परत निघाले होते.

"घरात माणसं?" बाईंनी विचारलं.

"ही सगळी, बाई. आणि गावाक भावाची चार."

"गाडी कुठे चालवणार?"

"हायवेचा फाटा ते वाडी. मधे नुसती लाल माती, दोन ओढे. बस येत नाय. म्हावरा, बाजार, शाळेची पोरं, आजारी माणूस, सगळं डोक्यावर नायतर खांद्यावर." तो थांबला. "माझा बापूस गेल्या पावसात डोलीतून खाली नेताना गेला. वाटेतच."

बाई गाडीत चढल्या. चावी काढली आणि इंजिन चालू केलं, दुसऱ्या खेपेला लागलं. गंगारामने बॉनेट उघडलं नाही. नुसता कान पुढे केला, डोळे मिटले.

"दुसरा गिअर तुम्ही लिवलाय. पण इंजिनात मागच्या बाजूला एक टॅपिट सैल हा. ते नाय लिवलंत."

बाईंचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा नंतर क्वचितच पाहिला. त्यांनी पाना आणला, दोघांनी झाकण काढलं, आणि खरोखरच एक टॅपिट, झडप उघडणारा तो छोटा दट्ट्या, सैल निघालं. बाई हात पुसत म्हणाल्या, "मला इतकी वर्षं ऐकू आलं नाही. गाडी तुझी."

"पण बाई," गंगाराम खाली बघत म्हणाला, "माका चालवूक येना नाय."

"मग?"

"शिकतलंय."

"कोण शिकवणार?"

म्हातारीने सरळ बाईंकडे बोट दाखवलं.

मुलुंडच्या डोंगराखाली जुनी खदान होती. सकाळी तिथे कुणी नसायचं. दर रविवारी आम्ही जायचो. बाई गंगारामच्या शेजारी, मागे म्हातारी, त्याची बायको शेवंती, दोन्ही मुली आणि मी. मला का बोलावलं ते बाईंनी सांगितलं होतं: "वजन म्हणून. रिकामी गाडी शिकला तर भरलेली कशी चालवणार?"

गंगारामला यंत्राची अजिबात भीती नव्हती. भीती होती ती रस्त्याची. तो गाडी ऐकायचा, समोर बघायचाच नाही. इंजिन किंचित घरघरलं की याचं सगळं लक्ष तिकडे, आणि गाडी रेतीच्या ढिगात. बाई ओरडायच्या नाहीत. म्हणायच्या, "रेती पण ऐकू येते का बघ जरा." म्हातारी मागून खदखदून हसायची.

तिसऱ्या रविवारी बाईंनी त्याला चढावर थांबवलं आणि पुन्हा सुरू करायला सांगितलं. गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदा त्याचा पाय ब्रेकवरून सुटला आणि गाडी मागे घसरायला लागली. मुली किंचाळल्या. मागे वीसेक फुटांवर खदानीचा कडा होता. मला अजून आठवतं, मी धाकटीला पोटाशी ओढलं होतं आणि डोळे मिटले होते. बाईंनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली.

गंगाराम उतरला. चालत जाऊन एका दगडावर पाठ करून बसला.

"माझ्यानं होणार नाय," त्याने तिथूनच सांगितलं. "दुसरं गिऱ्हाईक बघा, बाई."

दुसरं गिऱ्हाईक बघणं म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. खोलीचा सौदा झाला होता. मे महिन्याच्या सुरुवातीला ती सोडायची होती. गावात जाऊन करणार काय, याचं उत्तर ही गाडी होती.

बाई मान वळवून म्हणाल्या, "शेवंती, तू पायाने काय करत असतेस?"

शेवंतीने पाय बाकाखाली घेतले. "काय नाय, बाई."

"तीन रविवार ऐकतेय मी. पत्र्यावर तुझी चप्पल वाजते. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. दोन्ही वेळा बरोबर जागेवर."

शेवंती लाल झाली. सगळ्या प्रवासात ती कधी बोललेली मला आठवत नव्हती. डब्यातली भाकरी सगळ्यांना द्यायची आणि खिडकीशी बसायची, एवढंच.

"ये पुढे," बाई म्हणाल्या.

शेवंतीने दगडावर बसलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. मग सासूकडे.

"माझ्याकडे काय बघतंस?" म्हातारी म्हणाली. "घो बसलो दगडार. गाडी कोणीतरी चलवूक व्हयी मां!"

शेवंती पुढे येऊन बसली. बाईंनी वाकून आपल्या निऱ्यांचे चिमटे काढले आणि तिच्या साडीला लावले. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा बाईंनी हँडब्रेकवर हात ठेवला, पण तो ओढावा लागलाच नाही. गाडी कण्हत, धूर सोडत, पण एक इंचही मागे न येता चढ चढून गेली. वर सपाटीवर पोचल्यावर शेवंतीने स्टीअरिंग सोडलं आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, मला मागून दिसलं नाही.

गंगाराम चालत खाली स्टेशनवर गेला. घरी एकटाच परतला.

पुढचे चार दिवस भांडुपहून काही निरोप नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "चल, बस स्टॉपवर."

"बसने?"

"गुडघा आहे ना. आणि तुला चालवता येते का? नाही. मग बसने."

चाळीचे दोन जिने बाई कठडा धरून चढल्या. गंगाराम खाटेवर बसला होता. शेवंतीने चहा ठेवला. गंगारामने सुरुवात केली.

"राग नाय माझा, बाई. ती चांगली चालवते, मला ठाऊक आहे. पयल्या दिवसापासून ऐकतोय मी. तिचा पाय वाजला की मी क्लच दाबायचो. मला कुठे कळत होतं कधी दाबायचा तो?"

शेवंती स्टोव्हपाशी तशीच थांबली. हे तिलाही नवीन होतं.

"मग अडलंय कुठे?" बाईंनी विचारलं.

"गावात लोक काय म्हणतील? बायको गाडी चालवते आणि घो बाजूला बसतो."

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"मी चालवायला लागले तेव्हा माझ्या बाजूला बसायला कुणी नव्हतं. लोक काय म्हणाले ते तुला सांगू? तुझ्या मुली इथे आहेत म्हणून सांगत नाही. भंडारदऱ्याच्या वाटेवर पंक्चर झालं, तीन मुलं आणि म्हातारे सासरे मागे, आणि मी चाक काढत होते. तेव्हा वाटलं, कुणीतरी बाजूला असावं. चालवू नये हवं तर. नुसतं बसावं, आवाज ऐकावा, सांगावं की काहीतरी सैल झालंय." त्या थांबल्या. "तू बसायला आहेस ना? मग बस की रे."

चाळीत कुठेतरी रेडिओ लागला होता. गंगाराम उठला, फळीवरून जुन्या पत्र्याचा डबा काढला आणि त्यातले गिरणीतले पाने एकेक करून जमिनीवर मांडले.

"यातला कुठला लागेल," तो म्हणाला, "टॅपिटला?"

एप्रिलमध्ये शेवंतीने लायसनची परीक्षा दिली. परीक्षा घेणारे साहेब आधी गंगारामलाच गाडीत बसायला सांगत होते. त्याने बायकोकडे बोट दाखवलं, तेव्हा साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग तिने त्यांना अख्ख्या मैदानाला फिरवून आणलं, आणि ते उतरताना म्हणाले, "ताई, कुणी शिकवलं?" शेवंती म्हणाली, "भूगोलाच्या बाईंनी."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघायचं ठरलं. बाईंनी मला विचारलं, "सुट्टीत काय करणार आहेस?" माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "मग चल. पहिला लांबचा प्रवास आहे तिचा. घाट संपेपर्यंत तरी मला तिच्याशेजारी बसलं पाहिजे. पुढचं पुढे बघू."

पहाटे निघालो. छपरावर बोचकी, स्टोव्ह, मुलींच्या पाट्या-दप्तरं, पितळेचा हंडा. चाळ सगळी खाली उतरली होती. शेवंती ठाण्याहून पनवेलकडे वळली तेव्हा तिचे खांदे ताठ होते, पेणपर्यंत ते सैल झाले. बाई तिच्या शेजारी, हातात नकाशा, पण त्यांनी तो उघडला नाही. एवढंच म्हणायच्या, "समोरच्या ट्रकला जाऊ दे, त्याला घाई आहे, आपल्याला नाही."

महाडला आम्ही भाकरी खाल्ली. बाई उतरल्या तेव्हा गुडघा सुजला होता. म्हातारीने त्यांना मागच्या बाकावर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि आपल्या बोचक्याची उशी केली.

"गंगाराम, तू पुढे बस थोडा वेळ," बाई म्हणाल्या. आणि मला, "घाट आला की उठव. घाटात मी पुढे बसणार."

पोलादपूर मागे पडलं. डावीकडे डोंगर जवळ आले, रस्ता वळायला लागला आणि पहिला चढ समोर दिसला. शेवंतीने गाडी कडेला घेतली.

"बाईंका उठवा."

मी वळून पाहिलं. बाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावरून घसरलेला, धाकटीचं डोकं त्यांच्या मांडीवर. दोन वर्षं मी त्यांना ओळखत होते, त्यांच्या गाडीतून कितीदा गेले असेन. त्या गाडीत बाई नेहमी जाग्या असायच्या, कुणीतरी जागं राहायलाच हवं म्हणून. मी हात पुढे केला.

"ऱ्हवांदे," गंगाराम हळू म्हणाला. "निजांदे तेंका."

शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान कलती केली, क्षणभर इंजिन ऐकलं.

"बरी चलता हा गाडी. घे."

तिने घेतली. वर चढत असताना पुढे दगडांनी भरलेला एक ट्रक होता, तो वळणावर मधेच थांबला. शेवंतीलाही चढावर थांबावं लागलं. खाली दरी दिसत होती. मागून एसटीचा हॉर्न वाजला. गंगारामचे दोन्ही हात मांड्यांवर होते. ट्रक हलला. "आता," तो म्हणाला, इतक्या हलक्या आवाजात की मला जेमतेम ऐकू आलं. गाडीने एकदा अंग झटकलं आणि पुढे सरकली. मागे गेली नाही. एक वळण, दुसरं वळण, मग मोजायचं मी सोडून दिलं. माथ्यावर वारा आला. पलीकडच्या उताराला शेवंतीने खालचा गिअर घातला, क्लच दोनदा दाबून, आणि गंगाराम पहिल्यांदाच समोर रस्त्याकडे बघत होता.

घाट उतरून सपाटीला लागल्यावर एका खड्ड्यात चाक आपटलं आणि बाई जाग्या झाल्या. चष्मा सारखा केला. बाहेर आंब्याची झाडं पळत होती.

"घाट आला का गं?"

"गेला, बाई," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. डोंगर खरंच मागे, निळे होऊन बसले होते. बाई पुष्कळ वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. धाकटीचं डोकं अलगद उचलून त्यांनी आपली मांडी नीट केली आणि ते परत होतं तिथे ठेवलं.

"गंगाराम," त्या म्हणाल्या, "टपरी दिसली की सांग तिला थांबायला. आज चहा मी पाजणार आहे सगळ्यांना."